पेटीतल्या तबकड्या आणि मध्यम किमतीचा टर्नटेबल



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली किंवा पत्र्याच्या पेटीत काळ्या तबकड्यांचा गठ्ठा पडून असतो. वडिलांनी, आजोबांनी कधीकाळी मुंबईहून आणलेला. वाजवायचे यंत्र कधीच मोडीत गेले; तबकड्या मात्र राहिल्या. दिवाळीच्या साफसफाईत त्या एकदा खाली उतरतात, धूळ झटकली जाते, "ठेवा, बापाची आठवण आहे" असे कोणीतरी म्हणते आणि त्या पुन्हा वर जातात. एखाद्या वर्षी मात्र "ठेवा" म्हणणारे माणूस घरात उरत नाही. मग भंगारवाला येतो.

आता उलट गोष्टही घडू लागली आहे. तबकड्यांची हौस जगभर पुन्हा वाढली आहे. नवे टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवण्याचे यंत्र, मोबाईलवर बोट ठेवताच घरपोच येते. पुण्या-हैदराबादला नोकरीला लागलेला मुलगा म्हणतो, "आजोबांच्या रेकॉर्डी वाजवू या, पाच-सहा हजारांत मशीन मिळते." हेतू चांगला आहे. पण चुकीच्या यंत्रावर तबकडी लावली तर ती झिजते, आणि एकदा झिजलेली पुन्हा दुरुस्त होत नाही. म्हणून कोणता टर्नटेबल घ्यावा, किती पैसे घालावेत आणि कुठे हात आखडावा, याचा हिशोब कष्टकरी कुटुंबाच्या दृष्टीने येथे मांडीत आहे.

पेटी कुठून आली?

१९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातून अनेक कुटुंबे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत, कोणी पालिकेत. चाळीत रेडिओ होता, आणि ज्याची थोडी ऐपत होती त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचा आवाज तबकडीवर निघत होता. जयंतीला, लग्नाला मंडपवाल्याच्या भोंग्यावर याच तबकड्या वाजत. पुढे १९८० च्या दशकात कॅसेट आली, स्वस्त झाली आणि तबकडी मागे पडली. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला, कित्येकांचे काम कायमचे गेले आणि बिऱ्हाडे गावाकडे परतली. त्या बिऱ्हाडांबरोबर या पेट्याही भोकरसारख्या गावांत आल्या.

मोठ्या गायकांची गाजलेली गाणी पुढे कॅसेटवर, सीडीवर आणि आता मोबाईलवर आली. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ मध्ये गेले, विठ्ठल उमप २०१० मध्ये गेले. तरी त्यांचा आवाज शोधला तर सापडतो. प्रश्न आहे तो लहान गायन पार्ट्यांचा. त्यांची एखाद-दुसरी तबकडी निघाली, थोडीफार खपली आणि संपली. तिची पुन्हा प्रत निघाली नसेल तर ते गाणे कुणाच्या तरी पेटीतच शिल्लक आहे.

आमच्या भागातील एका कुटुंबाचे उदाहरण देतो. नाव सांगण्याचे कारण नाही. वडील मुंबईला गिरणीत होते, संपानंतर गावी आले आणि काही वर्षांपूर्वी वारले. मागे पेटी राहिली. तिच्यात एका गायन पार्टीची ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आहे. लेबलवर मुख्य गायकाचे नाव आणि पुढे "आणि पार्टी" एवढेच छापले आहे. त्या पार्टीत मागे झील धरणाऱ्या चौघांत हे वडील होते. त्यांचा एकही आवाज घरात दुसरीकडे कुठे नाही. त्या काळी मोबाईल नव्हते, लग्नाची व्हिडिओ कॅसेटही नव्हती. म्हातारी आई म्हणाली, "एकदा ऐकवा." धाकट्या मुलाने पाच हजारांचे यंत्र मागवायचे ठरवले होते. मोठ्याने आधी चौकशी करू म्हटले, आणि त्यातून हा सगळा विषय माझ्यापुढे आला. अशा घरात यंत्र निवडणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

आधी तबकड्या मोजा

दुकान पाहण्याआधी पेटी उघडा. तबकड्या तीन प्रकारच्या असतात.

पहिली ७८ ची. मिनिटाला ७८ फेऱ्या. बहुधा दहा इंची, जड, आणि पडली की काचेसारखी फुटणारी. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे एक गाणे. ही लाखेपासून बनते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख आपल्या देशातून जगभर जात असे. भारतात तबकडीचा धंदा जुना आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि पुढे कोलकात्याजवळच्या दमदमला मोठा कारखाना उभा राहिला. आपले लोक ज्याला "कुत्रा छाप" म्हणत ती तबकडी तिथली.

दुसरी ४५ ची. सात इंची, हलकी. एका बाजूला एक किंवा दोन गाणी.

तिसरी ३३ ची, जिला एल.पी. म्हणतात. बारा इंची. खरा वेग मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या. एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास गाणी. ही अमेरिकेत १९४८ मध्ये निघाली. ४५ ची त्यानंतर वर्षभराने, १९४९ मध्ये. या दोन्ही व्हायनिल नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात.

वेग लेबलवर छापलेला असतो. एका कागदावर तीन रकाने आखा आणि मोजा. आमच्या उदाहरणातल्या घरी ७८ च्या सहा, ४५ च्या बावीस आणि ३३ च्या पाच निघाल्या. सहाही ७८ जुन्या सिनेमातल्या प्रसिद्ध गाण्यांच्या होत्या, म्हणजे ती गाणी इतरत्र मिळतात. जे जपायचे ते ४५ मध्ये होते. एवढ्या मोजणीनेच खरेदीचा अर्धा निर्णय झाला, कारण ७८ वाजवणारा चांगला टर्नटेबल बराच महाग पडतो.

सुई आणि वजन : सर्वांत महत्त्वाची गोष्ट

तबकडीवर जी वर्तुळे दिसतात ती खरे म्हणजे एकच लांब खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. वीस मिनिटांच्या एल.पी.च्या एका बाजूला ही खाच सरळ केली तर चारशे मीटरच्या आसपास भरेल. खाचेच्या दोन्ही भिंती नागमोडी असतात. सुई त्या भिंतींवर घासत जाते, थरथरते, आणि त्या थरथरीचा आवाज होतो. म्हणजे प्रत्येक वेळी वाजवताना दोन वस्तू एकमेकींवर घासतात. सुई नीट असेल आणि भार हलका असेल तर तबकडी शेकडो वेळा वाजते. सुई बोथट असेल किंवा भार जास्त असेल तर पहिल्या काही वाजवण्यांतच वरचे बारीक सूर जातात आणि खरखर कायमची बसते.

चांगल्या टर्नटेबलमध्ये सुईचा भार साधारण दीड ते साडेतीन ग्रॅम असतो. सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त यंत्रांत बहुधा सिरॅमिक जातीचे कार्ट्रिज असते आणि भार पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त पडतो. दांडी हलकी, भार कमी-जास्त करण्याची सोय नाही, आणि स्पीकर त्याच डब्यात, त्यामुळे स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते. बाजारातल्या नव्या, पुन्हा मिळणाऱ्या तबकडीसाठी एखाद्याने ते घेतले तर त्याची मर्जी. पण दुसरी प्रत नसलेली तबकडी त्यावर लावू नये.

याहून वाईट म्हणजे पितळी कर्ण्याचा चावीचा ग्रामोफोन. दिसायला छान असतो. पण आज "अँटिक" म्हणून विकले जाणारे कितीतरी नग जुन्या-नव्या सुट्या भागांतून जोडलेले शोभेचे असतात. खरा जुना असला तरी त्याच्या पोलादी पिनेवर शंभर ग्रॅमहून जास्त भार असतो, आणि पिन दर बाजूला बदलायची असते. तो फक्त लाखेच्या ७८ साठी आहे. त्यावर ४५ किंवा ३३ ची तबकडी लावली तर ती पहिल्याच वेळी खरवडून निघते.

सुयांतही फरक आहे. ७८ ची खाच रुंद, तर ४५ आणि ३३ ची बारीक असते. बारीक खाचेच्या सुईपेक्षा ७८ ची सुई सुमारे चौपट जाड लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. म्हणून "तिन्ही वेग चालतात" असे डब्यावर लिहिलेले पाहून भुलू नका. ७८ साठी वेगळी सुई मिळते का, हे विचारा.

घेताना विचारायचे प्रश्न

कागदावर उतरवून घ्यावेत असे प्रश्न पुढे देतो.

१) सुई बदलता येते का, आणि पुढची पाच-दहा वर्षे ती मिळेल का? हिऱ्याच्या साध्या सुईचे आयुष्य सुमारे ५०० ते १,००० तास धरतात. आठवड्याला दोन तास वाजवले तर पाच वर्षे सहज जातात. पण सुईच मिळेनाशी झाली की यंत्र म्हणजे खोके.

२) प्रीअँप आतच आहे का? सुईपासून निघणारा विजेचा प्रवाह अतिशय दुबळा असतो, व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढा. शिवाय तबकडीवर खर्ज दाबून आणि वरचे सूर वाढवून भरलेले असतात. ऐकताना ते पुन्हा सरळ करावे लागतात. ही दोन्ही कामे प्रीअँप करतो. तो आत असेल तर घरच्या होम थिएटरला किंवा ऑक्सची पिन असलेल्या कोणत्याही स्पीकरला तार जोडली की झाले. नसेल तर तो वेगळा विकत घ्यावा लागतो. जाहिरातीतल्या किमतीत हा खर्च नसतो, आणि पुष्कळांचा हिशोब येथेच चुकतो.

३) दांडी आपोआप उठते-बसते का? जाणकार हौशी लोक हाताने चालवायचे यंत्र पसंत करतात. पण घरात थरथरत्या हाताची म्हातारी माणसे आणि लहान लेकरे असतील तर बटण दाबताच सुई अलगद टेकवणारे आणि शेवटी आपोआप उचलून बंद होणारे यंत्र बरे. सुई हातातून निसटून तबकडीवर ओरखडा पडण्याचा धोका त्यात कमी.

४) पट्ट्यावर चालतो की थेट मोटरवर? पट्ट्याचा स्वस्त पडतो, मोटरची थरथर रबरी पट्ट्यात जिरते. पट्टा मात्र काही वर्षांनी सैल होतो आणि बदलावा लागतो. थेट मोटरचा महाग, पण वेग पक्का. घरगुती ऐकण्यासाठी दोन्ही चालतात. यासाठी जास्त पैसे घालण्याची गरज नाही.

५) यूएसबी आहे का? संगणकाला तार जोडून गाण्याची प्रत काढता येते. आपल्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. कारण पुढे सांगतो.

६) विजेचे काय? भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज आहे. नव्या यंत्रांत बहुधा अडॅप्टर आणि डीसी मोटर असते, त्यामुळे व्होल्टेज थोडे खाली-वर झाले तरी वेग बदलत नाही. परदेशातून नातेवाइकाने आणलेले जुने अमेरिकन यंत्र मात्र जपून. ते ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे असते. थेट लावले तर जळते. ट्रान्स्फॉर्मर लावला तरी मोटर विजेच्या ठोक्यावर चालणारी असेल तर वेग सहाव्या हिश्श्याने कमी पडतो, आणि गाणारा झोपेत गातो असे वाटते.

कोणत्या गटातला घ्यावा?

बाजाराचे ढोबळ तीन गट करता येतील. किमती दुकानागणिक आणि सवलतीप्रमाणे बदलतात, म्हणून घेताना चार ठिकाणी विचारावे.

आठ-दहा हजारांच्या आतली बहुतेक सूटकेस-यंत्रे पहिल्या गटात येतात. वर सांगितलेल्या कारणाने ती टाळावीत.

दुसरा गट साधारण १५ ते २५ हजारांचा. जपानच्या ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एटी-एलपी६०एक्स हा यातला सर्वांत परिचित नमुना. पूर्ण आपोआप चालतो, पट्ट्यावर, ३३ आणि ४५ दोनच वेग, प्रीअँप आतच, सुई बदलता येते. याचाच यूएसबी असलेला प्रकारही निघतो. सोनीचा पीएस-एलएक्स३१०बीटी हाही याच जातीचा. त्यात ब्लूटूथ आणि यूएसबी दोन्ही आहेत. या यंत्रांत भार कमी-जास्त करता येत नाही, पण कारखान्यात बसवलेला भार मर्यादेत असतो. मी "मध्यम किमतीचा" म्हणतो तो हा गट. सामान्य घराला तो पुरतो.

तिसरा गट ३५ हजारांच्या आसपास सुरू होतो आणि वर जातो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्स थेट मोटरवर चालतो, ३३, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग देतो, भार जुळवता येतो, आणि सुईचे डोके काढून ७८ चे वेगळे बसवता येते. ज्यांच्या पेटीत ७८ च्या दुर्मिळ तबकड्या आहेत त्यांनी, किंवा एखाद्या वाचनालयाने, मंडळाने हा विचारात घ्यावा. इंग्लंडच्या रेगा कंपनीचा प्लॅनार १ आवाजासाठी नावाजलेला आहे. पण तो हाताने चालवायचा, वेग बदलायला पट्टा हाताने सरकवायचा, ७८ नाही आणि प्रीअँप आत नाही. चांगला आहे, पण आपल्या गरजेचा नाही. महाग ते आपल्यासाठी चांगलेच, असे समजू नये.

जुना टर्नटेबलही मिळतो. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात फिलिप्स, एचएमव्ही यांची यंत्रे दिसतात. घ्यायचा असेल तर चालू करूनच पहा. तव्यावर कागदाचा तुकडा ठेवून खूण करा आणि घड्याळ लावा. ३३ च्या वेगावर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत. ४५ वर मिनिटाला पंचेचाळीस. आतले रबर कडक झाले असेल तर वेग डुलतो. दांडी डावी-उजवीकडे अडखळत असेल तर सोडून द्या. आणि त्याची सुई आज मिळते का हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. जुन्या यंत्रांतही जड भाराची सिरॅमिक कार्ट्रिजे बरीच असतात.

हिशोब

समजा यंत्र १८ हजारांना पडले. घरचाच स्पीकर वापरला तर तो खर्च नाही. धूळ काढण्याचा कार्बन ब्रश, नवी आतली पाकिटे आणि पुढेमागे एक सुई मिळून तीन हजार धरा. एकूण २१ हजार. यंत्र दहा वर्षे चालले तर महिन्याला १७५ रुपये. रकमेचा आकडा मोठा दिसतो, पण वाटून पाहिला की कळतो.

तरीही मजुरी करणाऱ्या घराला एकदम २१ हजार काढणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, "शून्य व्याज" हप्त्याला भुलू नका. प्रक्रिया शुल्क किती, रोखीने घेतल्यास किती सवलत होती, हप्ता चुकल्यास दंड किती, हे तिन्ही आकडे मांडा आणि मग बेरीज करा. शाळेची फी किंवा दवाखान्याचा खर्च थांबवून हे यंत्र घेऊ नये. तबकडी उभी, सावलीत ठेवली तर आणखी चार-पाच वर्षे थांबू शकते. मूल थांबू शकत नाही.

दुसरी, एकत्र या. एका वस्तीत पेट्या पाच-सात घरी असतात. बारा घरांनी प्रत्येकी १,७५० रुपये काढले तर २१ हजार होतात. यंत्र विहारात किंवा वाचनालयात राहील, वहीत नोंद राहील, आणि चालवायचे काम एकाच जबाबदार मुलाकडे किंवा मुलीकडे राहील. दर रविवारी एका घरची पेटी घ्यावी, वाजवावी, प्रत काढावी, तबकडी परत द्यावी. ज्या यंत्राला एका घरी महिन्यातून दोनदा काम, त्याला तिथे दर आठवड्याला काम मिळेल.

आल्यावर काय करावे

यंत्र बहुधा ऑनलाइन किंवा मुंबई-पुण्याच्या दुकानातून मागवावे लागते. बिल घ्या, भारतातली हमी आहे का पहा, खोके मोबाईलवर चित्रीकरण करीत उघडा आणि खोके फेकू नका. पुढे दुरुस्तीला पाठवायचे तर तेच लागते.

ठेवायची जागा पक्की आणि सपाट हवी. गवंड्याची पाणसळ लावून तवा चारही बाजूंनी समपातळीत करा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका, नाहीतर हूं असा आवाज घुमतो.

सुई टेकवण्यापूर्वी तबकडी साफ करा. व्हायनिलची असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ स्वच्छ फडके, खाचेच्या दिशेने गोल फिरवावे, लेबल कोरडे ठेवावे, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवावी. ७८ च्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणे फडक्यावर येते.

ठेवताना पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. व्हायनिल तिथे वाकडे होते. पेटी माळ्यावरून काढून खालच्या खोलीत, उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवा. याला एक पैसाही लागत नाही, आणि यंत्र घ्या न घ्या, हे काम आजच करण्यासारखे आहे.

प्रत काढा, नावे लिहा

यूएसबीने संगणकाला जोडून ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर गाणे साठवता येते. मूळ प्रत वेव्ह प्रकारात ठेवा, मोबाईलसाठी एमपी३ वेगळी काढा. वेव्हला मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. ४५ च्या बावीस आणि ३३ च्या पाच तबकड्या मिळून आठ तासांचे गाणे धरले तरी पाच जीबीच्या आत बसते. म्हणजे एक साधा पेन ड्राइव्ह पुरे. पण प्रत एकाच जागी ठेवू नका. एक घरी, एक दुसऱ्या गावच्या भावा-बहिणीकडे.

कायद्याचेही भान हवे. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो, आणि गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. घरच्यापुरती प्रत काढणे वेगळे, आणि कुणाचे गाणे यूट्यूबवर चढवून त्यावर कमाई करणे वेगळे. गीतकाराचे नाव गाळून गाणे फिरवणे तर कधीच करू नये. आपल्या कवींचे नाव पुसून त्यांचे शब्द वापरण्याचा प्रकार फार झाला आहे.

त्या उदाहरणातल्या घरी शेवटी दुसऱ्या गटातला, यूएसबी असलेला टर्नटेबल आला. दोन भावांनी पैसे घातले, आणि लातूरला नर्स असलेल्या बहिणीने तिसरा वाटा स्वतःहून उचलला. तिची अट एकच, पहिली प्रत तिलाही मिळाली पाहिजे. "बाप माझाही होता," असे ती म्हणाली, आणि त्यावर कोणी काही बोलण्याचे कारण नव्हते. तबकडी धुतली, वाळवली आणि संगणक चालू ठेवूनच लावली. खरखर होतीच. पहिल्या कडव्यानंतर मागचे चौघे उचलतात तिथे आईने हात वर केला. चार आवाजांतला नेमका कोणता, हे बाकी कुणाला ओळखता आले नाही. तिला आले. नंतर तिने उरलेल्या तिघांची नावे सांगितली. एक बीडकडचा, एक शेजारच्या खोलीतला, एक तबला वाजवून वर झीलही धरणारा. मुलीने ती वहीत उतरवली आणि कागद तबकडीच्या पाकिटात ठेवला.

माझ्या मते यंत्राइतकेच महत्त्व त्या कागदाला आहे. लेबलवर "आणि पार्टी" या दोन शब्दांत जी माणसे मावली, त्यांची नावे कंपनीने छापली नाहीत. ती आज फक्त आपल्या आई-आजीला ठाऊक आहेत. टर्नटेबल पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल, कदाचित थोडा स्वस्तही मिळेल. नावे सांगणारे माणूस पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. येत्या रविवारी पेटी खाली काढा. तबकड्या मोजा, उभ्या ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि एकेक लेबल वाचून दाखवा. जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्या. मग पैशांचा हिशोब मांडा, चार घरे जोडा, आणि शेवटी यंत्र घ्या. घ्याल ते हलक्या सुईचे आणि सुई बदलता येणारे घ्या.